पिशवी काढण्याआधी

धाड हे बुलढाणा तालुक्यातलं बाजाराचं गाव. जिल्हा विदर्भातला, पण गावाचं तोंड बरंचसं मराठवाड्याकडे. पुढे जरा गेलं की जालना जिल्ह्याची हद्द लागते. मोठं दुखणं आलं की माणसं आधी बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय गाठतात आणि तिथून पुढे पाठवलं की संभाजीनगर. तिथे ‘घाटी’ हे मोठं सरकारी रुग्णालय आहे, सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. मराठवाडा-विदर्भाच्या या सगळ्या पट्ट्यात चाळिशीच्या आसपासच्या बायका निंदणीच्या पातीवर किंवा लग्नाच्या मांडवात बोलायला लागल्या, की एक वाक्य हमखास कानावर येतं: पिशवी खराब झाली होती, काढून टाकली. का काढली, तर अंगावरून पांढरं जायचं, कंबर धरायची, सोनोग्राफीत सूज दिसली आणि डॉक्टर म्हणाले, ठेवली तर कॅन्सर होईल.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये डीएनएच्या मेथिलेशनचं काय काम, हा या लेखाचा विषय. तो पेशीच्या आतला, रसायनशास्त्राचा आहे, आणि तो धाडच्या शिवारात का आणावा असं कुणी विचारील. माझ्या मते त्याची खरी गरज तिथेच आहे, आणि सहसा सांगितली जाते त्या कारणासाठी नव्हे. मेथिलेशनच्या चाचण्यांची जाहिरात होते ती ‘कॅन्सर आणखी लवकर ओळखा’ अशी. महाराष्ट्राच्या खेड्यात त्यांचा मोठा उपयोग उलट बाजूने होईल: या बाईला हात लावू नका, हे पुराव्यानिशी सांगण्यासाठी.

बीडची गोष्ट आठवून पाहा. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं काढण्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघड झालं, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण दर सहाजणींत एकीचं. कारणं पुष्कळ होती. मुकादमाची उचल डोक्यावर, एक दिवस खाडा झाला की दंड, फडात ना पाणी ना संडास, आणि पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर. काही बायकांनी आपण होऊन ऑपरेशन मागितलं, हेही खरं. ज्या जगण्यात पाळी म्हणजे बुडालेली मजुरी, तिथे तसं मागणं वेडेपणाचं नाही. पण बाईचा आणि घरच्यांचा शेवटचा नकार मोडून काढणारं हत्यार बहुतेक वेळा कॅन्सरची भीती हेच होतं. त्या शब्दापुढे कोण वाद घालणार?

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची कॅन्सरसाठी तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका होत्या १.९ टक्के. दुसरीकडे २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्याने मरतात. थोडक्यात, ज्यांना कॅन्सर नाही अशा कितीतरी जणींची पिशवी त्याच्या नावाने जाते, आणि ज्यांना आहे त्या रक्तस्राव आणि दुर्गंधी सुरू झाल्यावर, तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात संभाजीनगरच्या ओपीडीत पोचतात. पिशवी काढणाऱ्यांनी आधी मुखाची तपासणी केलीच नाही आणि तिथे कॅन्सर आधीच रुजलेला असला, तर ते अर्धवट ऑपरेशन पुढचे उपचार आणखी अवघड करतं. टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणच्या डॉक्टरांना अशा केस नव्या नाहीत.

या रोगाचं मूळ आता नीट माहीत आहे. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठीत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, सोळा क्रमांकाचा प्रकार शोधला, पाठोपाठ अठरावा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा कॅन्सर जवळजवळ सगळाच या विषाणूमुळे होतो. पण विषाणू झालेल्या जवळजवळ कुणालाच कॅन्सर होत नाही. ही दोन वाक्यं एकत्र लक्षात ठेवणं अवघड जातं, आणि बहुतेक गैरसमज इथेच जन्मतात. संसार करणाऱ्या बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधीतरी एचपीव्ही होतो. दहातल्या नऊजणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो. त्यांतल्या काहींच्या मुखाच्या पेशी बदलू लागतात, आणि त्यांतल्याही काहींचा दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. प्रश्न असा, की आज जिच्यात विषाणू सापडला ती यांतली कोणती?

मेथिलेशन इथे येतं. डीएनए ही चार अक्षरांची लांबलचक ओळ. त्यांतलं एक अक्षर सायटोसिन. त्याच्यापुढे ग्वानिन हे अक्षर असेल तिथे, त्या सायटोसिनवर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन यांचा चिमुकला मेथिल गट चिकटवण्याची सोय पेशीजवळ असते. अक्षर बदलत नाही, पण एखाद्या जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटीने बसले की ते जनुक गप्प होतं. आपल्याकडे हे समजायला सातबाऱ्यासारखं दुसरं उदाहरण नाही. जमीन तीच, गट नंबर तोच, क्षेत्र तेच, मालकही तोच. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा चढला की व्यवहार अडतो. वाटणी झाली तरी बोजा मुलांच्या उताऱ्यावर उतरतो; पेशीचं विभाजन होताना डीएनएमटी१ नावाचं विकर मेथिल गट असाच नव्या प्रतीवर उतरवून ठेवतं. आणि बोजा रीतसर कमीही होऊ शकतो. कॅन्सरकडे आपण जनुकातली चूक, अक्षरातला बदल म्हणून बघायला शिकलो. हा मात्र अक्षर न बदलता होणारा फेरफार आहे.

निरोगी शरीरात ही व्यवस्था अत्यंत गरजेची असते. तिच्याशिवाय डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी यांत फरकच राहणार नाही. एचपीव्ही तिचा गैरवापर करतो. त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिनं कुप्रसिद्ध आहेत. ई६ पी५३ या रखवालदार प्रथिनाचा नाश करवतं, ई७ आरबी या प्रथिनाला निकामी करतं. पेशीच्या विभाजनावरचा लगाम सुटतो. शिवाय ई७ थेट डीएनएमटी१ ला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम वाढवतं, हेही प्रयोगशाळेत दिसलं आहे. संसर्ग वर्षानुवर्षं टिकला, की पेशींना आवरणाऱ्या जनुकांवर मेथिल गट साचत जातात. सीएडीएम१ हे त्यांतलं एक, पेशींना एकमेकींना धरून ठेवायला लागणारं, दुसरं एमएएल. अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेनबर्गेन, स्नायडर्स आणि मायर या मंडळींनी हे वर्षानुवर्षं तपासलं आणि त्यातून एफएएम१९ए४ आणि एमआयआर१२४-२ या दोन जनुकांवरच्या मेथिलेशनची चाचणी निघाली. पंचवीसहून अधिक देशांतल्या ५१९ गाठी त्यांनी तपासल्या, तेव्हा ९८.३ टक्के गाठींत ही खूण सापडली. देश कुठलाही असो, विषाणूचा प्रकार कुठलाही असो, प्रत्यक्ष कॅन्सर असला की मेथिलेशन जवळजवळ असतंच.

मला त्या आकड्यापेक्षा नेदरलँड्समधलाच दुसरा, लहानसा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. त्यात ११४ बायका होत्या. सगळ्यांना कॅन्सरपूर्व बदल होते, मध्यम किंवा तीव्र, म्हणजे एरवी मुखाचा तुकडा काढायचं ठरलंच असतं. तो न काढता दोन वर्षं त्यांच्यावर बारीक लक्ष ठेवलं. ज्यांची मेथिलेशन चाचणी नकारात्मक होती, त्यांच्यातल्या सुमारे पाऊणजणींचे बदल आपोआप ओसरले. सकारात्मक चाचणी असलेल्यांतही निम्म्या जणींचे ओसरले. म्हणजे मेथिलेशन हा काही ब्रह्मलिखित निकाल नव्हे, आणि नकारात्मक आलं म्हणून बाईला विसरून चालतं असंही नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोघींत फरक करण्याचं काहीतरी साधन हाती आलं. मूल व्हायचं असलेल्या बाईसाठी हा फरक मोठा आहे, कारण मुखाचा तुकडा काढल्यावर पुढचं बाळंतपण वेळेआधी होण्याचा धोका वाढतो.

आता हे सगळं आपल्या मातीत आणायचं तर धाराशिवकडे बघावं लागतं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये जगातला एक फार मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमधले डॉ. भगवान नेने आणि सहकारी, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. प्रमुख लेखक डॉ. शंकरनारायणन. बार्शी त्याआधीच नकाशावर आली होती, कारण १९८७ पासून तिथे ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली पहिली. अभ्यासात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या, गावोगावच्या ५२ समूहांतल्या, चार गटांत वाटलेल्या. काहींची एकदाच एचपीव्ही चाचणी, काहींची पॅप स्मिअर, म्हणजे मुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, काहींच्या मुखाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का ही तपासणी, आणि चौथ्या गटाला काहीच नाही, फक्त माहिती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या, काही न केलेल्या गटात ६४. पुढे गेलेल्या कॅन्सरच्या केस ३९ विरुद्ध ८२. आयुष्यात एकदा केलेली एक चाचणी, आणि मृत्यू जवळपास निम्मे.

चौथ्या गटातल्या बायकांना काहीच का दिलं नाही, हा वाद नंतर जोरात झाला आणि तो व्हायलाच हवा होता. मला मात्र त्याहून जास्त टोचते ती पुढची गोष्ट. या अभ्यासाने जागतिक आरोग्य संघटनेचं मत घडवलं. २०२१ मध्ये संघटनेने एचपीव्ही चाचणी हीच पहिली तपासणी असावी अशी शिफारस केली. पुरावा धाराशिवच्या बायकांच्या अंगावर उभा राहिला आणि त्या पुराव्याचा फायदा हॉलंड-ऑस्ट्रेलियाच्या बायकांना आधी मिळाला. आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून कागदावर आहे ती अ‍ॅसिटिक आम्लाची तपासणी. ती वाईट नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी साध्या प्रशिक्षित कार्यकर्तींकरवी ती केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पण धाराशिवच्याच अभ्यासात तिने मृत्यू लक्षणीय घटल्याचं दिसलं नाही. ती करणारीच्या नजरेवर आणि रोजच्या सरावावर अवलंबून असते, आणि सराव टिकवणं हे आपल्या आरोग्यव्यवस्थेचं सर्वांत दुबळं अंग आहे.

त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, जो फारसा सांगितला जात नाही. एचपीव्ही चाचणी सुमारे दहा टक्के बायकांची सकारात्मक आली, आणि त्या सकारात्मक बायकांत खरे गंभीर कॅन्सरपूर्व बदल निघाले ते साधारण दर नऊजणींमागे एकीत. हा हिशेब धाडसारख्या गावात मांडून बघा. गावच्या हजार बायकांची चाचणी केली, तर शंभरेक जणींच्या हातात ‘कॅन्सरचा विषाणू सापडला’ असा कागद येईल. त्यांतल्या जवळपास नव्वद जणींना काहीही झालेलं नसेल. पण बीडमध्ये जे चाललं ते पाहिल्यावर, या नव्वदजणी तो कागद घेऊन कुठल्या दवाखान्यात जातील आणि बाहेर काय ऐकून येतील, याची कल्पना करायला फार डोकं लागत नाही. चांगली चाचणी वाईट बाजारात सोडली तर ती ऑपरेशनांची भरती करू शकते.

म्हणून दुसरी गाळणी हवी, आणि मेथिलेशन ती होऊ शकते. पॅप स्मिअर या कामाला पुरत नाही. ते वाचायला तज्ज्ञ लागतो, तालुक्याला तो नसतो, आणि बाईने स्वतः कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर ते करताच येत नाही. मेथिलेशन मात्र त्याच काडीवरच्या डीएनएत मोजता येतं. बाईला पुन्हा टेबलावर झोपवायला नको, पुन्हा बोलवायलाही नको.

याला एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो शहाण्या, अनुभवी लोकांचा आहे. ते म्हणतात, खेड्यातली बाई एकदा आली ती आली; दुसऱ्यांदा येईल याचा भरवसा नाही. सोयाबीन काढायची असते, सासूचं दुखणं असतं, एसटी नसते. तेव्हा सकारात्मक दिसली की त्याच दिवशी, तिथेच, तापवलेल्या टोकाच्या यंत्राने बदललेला भाग मिनिट-दीड मिनिटात जाळून टाका. दर नऊजणींत आठजणींवर विनाकारण उपचार झाला तरी चालेल, उरलेली एक वाचेल. याला ‘बघा आणि उपचार करा’ म्हणतात, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तो मार्ग मान्य करते. मीही मान्य करतो. मुखाचा वरवरचा पापुद्रा जाळणं आणि अख्खी पिशवी काढणं यांची बरोबरी होऊ शकत नाही. सरकारी शिबिरातला अतिरेकी उपचार सौम्य आहे. भीती खासगी बाजारातल्या उपचाराची आहे, आणि तिथे कुठलीही मार्गदर्शिका पोचत नाही. मेथिलेशनची वाट बघत आजची तपासणी लांबवावी असं जो म्हणेल त्याला बाजूला सारावं. माझं म्हणणं एवढंच आहे, की काडी एकदा घेतलीच आहे तर तिच्यातून दुसरा प्रश्नही विचारा.

अडचणी खऱ्या आहेत. मेथिल गट मोजायचे तर डीएनएवर आधी बायसल्फाइटची प्रक्रिया करावी लागते. मेथिल नसलेली सायटोसिन बदलतात, मेथिल असलेली तशीच राहतात, आणि मग पीसीआरने फरक पकडता येतो. ही प्रक्रिया वेळखाऊ, काटेकोर, आणि डीएनएचे तुकडे पाडणारी. तालुक्याच्या प्रयोगशाळेत ती रोज नीट होईल असं मी म्हणणार नाही. पण कोविडच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आरटीपीसीआर उभं राहिलं, हे आपण फार लवकर विसरलो. क्षयरोगासाठी गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र सरकारी दवाखान्यांत आलं आहे आणि त्यावर एचपीव्हीची चाचणीही चालते. बुलढाण्यात २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला करण्यासारखं याहून उपयोगी काम कोणतं? परदेशी किटची किंमत हा उरलेला प्रश्न. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीची देशी लस आणून परदेशी लशींची मक्तेदारी मोडली. मेथिलेशनच्या किटबाबत तसं घडायला विज्ञानाची आडकाठी नाही. मागणी नाही म्हणून घडत नाही, आणि मागणी येत नाही कारण १.९ टक्के बायकांच्या तपासणीतून बाजार उभा राहत नाही. लशीने हा सगळा प्रश्न मिटेल असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावं, की ती आज चौदाची असलेल्या मुलीला वाचवेल. तिच्या आईला नाही.

एक धोका वेगळाच आहे. मेथिलेशनबद्दल वर्तमानपत्रांतून लिहिताना ‘तुमची जीवनशैली तुमच्या जनुकांवर लिहिली जाते’ असं काहीतरी हमखास येतं. तंबाखूच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण गर्भाशयमुखाच्या बाबतीत हे वाक्य आपल्या गावात येऊन काय रूप घेईल? या रोगाला आधीच स्वच्छता पाळत नाही, चालचलन ठीक नाही असले डाग चिकटवलेले आहेत. बाईच्या पेशीतला मेथिल गट प्रामुख्याने विषाणूने घडवलेला असतो, आणि विषाणू बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच आलेला असतो, त्यालाही न कळता. पाणी आणायला तीन फर्लांग चालणारीला स्वच्छतेचं व्याख्यान देण्यासाठी हे विज्ञान वापरलं जाऊ नये.

मेथिल गट औषधाने उतरवता येतील का? रक्ताच्या काही कॅन्सरांत डेसिटाबीन, अ‍ॅझासायटिडीन अशी औषधं वापरात आहेत. मेक्सिकोत हायड्रॅलाझिन हे रक्तदाबाचं जुनं औषध गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर देऊन पाहिलं गेलं. तो मार्ग अजून लांबचा आहे, आणि त्याची आशा दाखवून आजचं काम पुढे ढकलणं बरं नाही.

आजचं काम साधं आहे, पण कुणाच्या खात्यात बसत नाही. चाचणीचा निकाल येतो तो मोबाईलवर, आणि मोबाईल असतो नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात. ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ एवढे दोन शब्द घरात गेले की पुढचं आपण वर पाहिलंच. म्हणून निकाल आशाताईने बाईच्या हातात कागदावर द्यावा, आणि तो मराठीत असावा. त्यावर विषाणू आहे की नाही, मेथिलेशन आहे की नाही, पुढची तपासणी कधी आणि कुठे, हे लिहिलेलं असावं. मेथिलेशन नसेल, तर खाली एक ओळ ठळक छापावी: या तपासणीवरून गर्भाशय काढण्याची गरज दिसत नाही. त्याखाली सरकारी डॉक्टरची सही आणि शिक्का. मग हद्दीपलीकडच्या भोकरदनच्या असो की बुलढाण्याच्या, ज्या डॉक्टरला ती पिशवी काढायची असेल त्याने त्याच कागदाच्या मागे, आपल्या अक्षरात, का काढायची ते लिहून खाली सही करावी.